गोष्टीचे पैसे कोण देणार?

आमच्या मजल्यावर माझ्या ओळखीच्या तिघांच्या लॅपटॉपवर एकेक पटकथा पडलेली आहे. एकाची बंगळुरातल्या स्टार्टअपवर, एकीची होस्टेलमधल्या मैत्रीवर आणि एकाची चक्क अफझलखानावर (त्याला बजेट विचारलं की तो चहा घ्यायला जातो). चौथी पटकथा माझ्या लॅपटॉपवर आहे. फोल्डरचं नाव 'टॅक्स २०२३', म्हणजे कुणी उघडायला नको.

मी मूळचा पवनीचा, जिल्हा भंडारा. पुण्यात 'भंडारा' म्हटलं की लोकांना देवळातलं जेवण आठवतं, त्यामुळे मी पुढे 'नागपूरच्या पलीकडे' असं जोडतो. वैनगंगेच्या काठचं गाव आहे. जुना किल्ला आहे, पावलोपावली देवळं आहेत, आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात निघालेला बौद्ध स्तूप आहे. एवढा इतिहास असून सिनेमात पवनी मी तरी कधी पाहिली नाही. पण माझी पटकथा किल्ल्याची नाही आणि स्तूपाचीही नाही. ती माझ्या मामाजींच्या गावाची आहे. ते गाव आता पाण्याखाली आहे.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. सुरुवातीचा अंदाज होता ३७२ कोटींचा, पुढे तो कित्येक हजार कोटींवर गेला. एस्टिमेट म्हणजे काय असतं हे आम्हा आयटीवाल्यांना कुणी शिकवायला नको. पण त्या आकड्यांच्या मागे गावं होती. दर पावसाळ्यात 'गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले' अशी बातमी येते आणि व्हॉट्सॲपवर पांढऱ्याशुभ्र पाण्याचे व्हिडिओ फिरतात. दिसायला सुंदरच दिसतात. मामाजी ते बघत नाहीत.

आता पटकथा म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावणं तसं सोपं आहे. ती रिक्वायरमेंट स्पेक आहे. तिच्यात फक्त दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टी लिहायच्या. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, त्यामुळे शंभर-सव्वाशे पानांत सगळं बसवायचं. 'गाव सोडताना मामाजींना फार वाईट वाटलं' हे कादंबरीत चालेल. पटकथेत चालत नाही, कारण कॅमेरामन विचारणार, वाईट वाटलं म्हणजे मी नक्की काय लावू? टेस्टरने 'सिस्टिम फास्ट असावी' या वाक्याकडे जसं बघावं तसंच तो बघतो.

मग काय लिहायचं? तर मामाजींच्या जुन्या घराला सागवानी दार होतं. दोन फळ्यांचं, आजोबांच्या वेळचं. पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉट मिळाला, सिमेंटचं घर बांधलं, पण दाराचं माप काही बसेना. सुताराने पट्टी लावली आणि म्हणाला, "चार इंच कापावं लागंन जी." मामाजी बराच वेळ दाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कापू नोको." घराला बाजारातलं पत्र्याचं दार लागलं. सागवानी दार अंगणात विटांवर आडवं टाकलं. उन्हाळ्यात त्यावर मोहफुलं वाळतात, एरवी माणसं बसतात. कुणी भेटायला आलं की मामाजी सवयीने म्हणतात, "या जी, बसा दारावर."

हे माझं दृश्य क्रमांक १४. दीड पान. त्यात विस्थापन, मोबदला, शासन यातला एकही शब्द नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

हे तंत्र मी शोधलेलं नाही. मराठीत ते शिकायचं असेल तर विजय तेंडुलकरांच्या पटकथा बघाव्यात. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून लिहिलेला. दोन कादंबऱ्यांतलं राजकारण, पात्रांची ही गर्दी, आणि शेवटी नजर जाऊन थांबते कुठे, तर निळू फुल्यांच्या दिगू टिपणीसवर. सगळं पाहून झालेला हा पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला काय वाटलं हे तो सांगत बसत नाही. कादंबरीतलं काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवण्यात पटकथाकाराचा खरा वेळ जातो. कोडचंही तेच आहे म्हणा. डिलीट केलेल्या ओळींचं कौतुक अप्रेजलमध्ये कुणी करत नाही.

इथवरची बाजू म्हणजे कसब. शनिवार-रविवार बसून, खपून ती जमू शकते. दुसरी बाजू धंद्याची.

गेल्या वर्षी ओळखीच्या ओळखीने मुंबईत एका निर्मात्याला भेटलो. माणूस सभ्य होता, चहा पाजला, वीसेक पानं खरंच वाचली. मग तीन प्रश्न विचारले. नट कोण? चॅनेल घेईल का? पुण्या-मुंबईत चालेल का? शेवटी म्हणाला, "भाषा जरा वऱ्हाडी कर ना, कॉमेडी निघेल."

मी काही बोललो नाही, पण तिथून लोकलने परत येताना डोक्यात तेच. आमची भाषा वऱ्हाडी नाही हो, झाडी आहे. अमरावती-अकोल्याकडे डोळ्याचा 'डोया' होतो, आमच्याकडे 'डोरा' होतो. पण सिनेमात विदर्भ म्हणजे एकच आवाज, आणि तो आवाज आला की लोकांनी हसायचं असं जणू ठरूनच गेलंय. नोकर, हवालदार किंवा हिरोचा मित्र. मामाजी त्या आवाजात 'कापू नोको' म्हणाले की थिएटर हसणार. मग दृश्य क्रमांक १४ चं काय?

बोली असली की सिनेमा चालत नाही, हे तर खरं नाहीच. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मधली (२०१६) माणसं करमाळ्याकडची भाषा बोलतात, आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा ठरला. पण निर्मात्याला नुसतं वाईट ठरवून मोकळं होणंही बरोबर नाही. त्याच्या जागी बसून गणित मांडून बघितलं तर घाम फुटतो.

समजा तिकीट २०० रुपयांचं. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की उरले साधारण १६९. त्यातले निम्मे थिएटरवाल्याचे असं धरू. उरले ८५. वितरकाचं दहा टक्के कमिशन धरलं तर निर्मात्याच्या हातात आले ७६. समजा सिनेमा दोन कोटींत बनवला आणि जाहिरातीवर एक कोटी घातला. तीन कोटी भागिले ७६ म्हणजे जवळपास चार लाख तिकिटं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. म्हणजे जिल्ह्यातल्या तान्ह्या बाळांसकट दर तिसऱ्या माणसाने तिकीट काढायचं, तेही बहुतेकांना मल्टिप्लेक्स गाठायला नागपूरला जावं लागत असताना. अर्थात टीव्हीचे हक्क असतात, ओटीटी असतं, राज्य सरकारचं दर्जानुसार अनुदान असतं. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमचा खेळ ठेवायला सांगितलं, त्यावर केवढा गोंधळ झाला होता. पण ही सगळी सिनेमा बनल्यानंतरची गंमत. आधी पैसे लावणारा एक माणूस लागतो, आणि त्याला जे भय वाटतं ते हळूच पटकथेत येऊन बसतं. 'कॉमेडी निघेल' हे त्या भयाचंच दुसरं नाव.

जाता जाता कराराचं सांगतो, कारण आपल्यापैकी कुणाला उपयोग होईल. त्या भेटीनंतर मला एक नमुना करार मेलवर आला. सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे, एकरकमी. आम्हाला असल्या करारांची सवय असते. ऑफिसात लिहिलेला कोड कंपनीचा, त्याबद्दल कुणी रडत नाही, कारण दर महिन्याला पगार येतो. पटकथाकाराला पगार नसतो. म्हणूनच २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी ती लावून धरली होती. सिनेमागृहाबाहेर, म्हणजे टीव्ही वगैरेवर वापर झाला, तर रॉयल्टीतला समान वाटा लेखकाचा राहतो, आणि तो लेखकाने सही करून सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाही. शिवाय मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवता येते. निर्मात्याकडे जाण्याआधी तेवढं जरूर करा.

असो. तर पैसे आधी कोण देणार, या प्रश्नावर मराठी माणसाने पहिलं उत्तर शोधलं ते १९१२ साली. दादासाहेब फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा मागवला आणि परत आले. राजा हरिश्चंद्राला पैसे देणार कोण? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, दिवसांमागून दिवस थोड्या थोड्या फ्रेम घेतल्या आणि बीचं रोप होताना मिनिटभरात दाखवलं. ते पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेच. आपण याला प्रूफ ऑफ कॉन्सेप्ट म्हणतो आणि त्याची पन्नास स्लाइड्सची पीपीटी करतो. फाळक्यांनी वाटाणा केला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

दुसरं उत्तर आमच्याकडे आहे, म्हणजे शब्दशः आमच्याकडे. झाडीपट्टी रंगभूमी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान निघालेलं असतं, हातात चार पैसे असतात. गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, कुठे शंकरपट असतो. दिवसा दंडार, रात्री नाटक. रात्री म्हणजे दहा-साडेदहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत! नाटक कंपन्यांचं माहेरघर वडसा, म्हणजे देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा लाइनवरचं गाव. तिथे कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि गावोगावची मंडळं तिथे जाऊन तारखा बुक करतात. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्ल्डकप जिंकल्यासारखे मेसेज आले होते.

यातलं धंद्याचं गणित नीट बघा. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं. तंबू, तिकीट, प्रचार मंडळाचा. नफा झाला तर गावाच्या कामाला लागतो, तोटा झाला तर मंडळाची पोरं वर्गणी काढतात. म्हणजे पडदा उघडायच्या आधी कंपनीचा सौदा झालेला असतो. मल्टिप्लेक्सच्या बरोबर उलटं. आणि पैसे लावणारे तेच पुढे चटईवर बसणारे.

पुण्यातले माझे नाटकवाले मित्र झाडीपट्टीला नाकं मुरडतात. फार भडक, फार रडारड, मधेच विनोदी पात्र, मधेच नाच. मी लहानपणी मामाजींच्या गावात अशी नाटकं चादरीत गुंडाळून बघितली आहेत, त्यामुळे मला त्यामागचं इंजिनिअरिंग दिसतं. प्रेक्षकांत आजी आहे, तिला रात्री दोनला डुलकी लागणार. तान्ह्याला घेऊन बसलेली बाई आहे, ती मधेच उठणार. चहा प्यायला गेलेला गडी आहे. म्हणून महत्त्वाची गोष्ट तीनदा सांगायची. नेटवर्कवर पॅकेट हरवतं तेव्हा आपण काय करतो? पुन्हा पाठवतो. विनोदी पात्र म्हणजे झोपलेल्यांना उठवायचा अलार्म. समोर कोण बसणार आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत आहे, म्हणून नाटक तसं आहे.

इथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपण समजतो की आधी गोष्ट असते, मग तिच्यासाठी पैसे शोधायचे. प्रत्यक्षात पैसे कोण देणार हे ठरलं की गोष्ट कशी सांगितली जाणार हेही बरंचसं ठरून जातं. चॅनेलने दिले की एक पटकथा, मंडळाने दिले की दुसरी. श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूधवाल्यांनी दुधाच्या सहकाराचा सिनेमा काढला आणि तो बघायला गावागावांतून गेले. २०२४ मध्ये तोच सिनेमा नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. पण दूधवाल्यांमागे सहकारी संघ उभा होता, सोसायट्या होत्या, रोज दूध घालताना दोन रुपये वळते करायची सोय होती. धरणग्रस्तांमागे काय आहे? कोर्टाच्या तारखा आणि वेगवेगळ्या गावठाणांत विखुरलेली घरं.

आणखी एक उदाहरण मला स्वस्थ बसू देत नाही. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पैसे विवेक गोम्बर या त्याच्या नटाने घातले. बरेचसे कलाकार नवखे. लोकशाहीर नारायण कांबळेचं काम केलं ते नागपूरच्या वीरा साथीदारांनी. २०२१ मध्ये कोविडने ते गेले. त्यांचा चेहरा आणि आवाज त्या सिनेमात राहिला, आणि तो आवाज ऐकून कुणी हसलं नाही. मी आज जवळपास त्याच वयाचा आहे. माझ्याकडे गोम्बर नाही, पण मंडई आहे.

तर ठरवलंय ते असं. शंभर पानं बाजूला. दृश्य क्रमांक १४ आणि त्याच्या मागचं-पुढचं मिळून सात मिनिटं शूट करायची, झाडीबोलीत, मोबाइलवर. सुताराचं काम सुतारच करणार आहे. हा माझा वाटाणा. आणि तो कुठल्या निर्मात्याला लिंक पाठवून दाखवायचा नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत, मामाजींच्या नव्या गावठाणात, रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी, वादक सूर लावत असतात त्या वेळात पडद्यावर लावायचा. मंडळाच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, वीज आमची, प्रोजेक्टर तुझा, आणि सात मिनिटांची आठ करू नको, लोक नाटकाला आलेले असतात.

तिथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या अंगणात असं काही ना काही पडलेलं आहे, नव्या घरात न बसलेलं. कुणाचं जातं, कुणाची देवळी. चूक दाखवली तर ते तिथल्या तिथे सांगतील. पुण्यातल्या प्रेक्षकाला माझी झाडीबोली खरी की खोटी हे कधीच कळणार नाही, त्यांना पहिल्या वाक्याला कळेल. धरणावर सिनेमा काढून मी पुण्यात हुशार ठरणं आणि ज्यांचं गाव गेलं त्यांना तो आपला वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरीची जास्त भीती वाटते, म्हणून आधी तिथे जायचं.

परवा मामाजींना फोन करून हे सगळं सांगितलं. दाराचा सिनेमा काढतोय म्हटल्यावर आधी ते हसले. मग म्हणाले, "पाहाले त येऊच गा आमी. पर तिकीट किती ठेवशीन?"

तिकिटाचा विचार मी केलाच नव्हता, फुकटच दाखवणार होतो. पण त्यांच्या आवाजात असा काही हिशोबीपणा होता, की फुकट म्हणायची हिंमत झाली नाही. म्हटलं, दहा रुपये.

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मंग चांगला बनवजो."

शूटिंग दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आहे. नागपूरपर्यंतचं रिझर्वेशन झालं. दारावरची मोहफुलं तेव्हा नसतील, त्याऐवजी काय ठेवायचं हे मामीजी ठरवणार आहेत.